तेमोतू : सॉलोमन बेटांच्या पार टोकाचा प्रांत आणि तिथली माणसं

नकाशावेडा

प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांचा नकाशा कधी नीट बघितलाय का? मुख्य बेटांची दुहेरी माळ वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत येते आणि मकिरापाशी संपते. मग नुसतं पाणी, साडेतीनशेवर किलोमीटर. त्याच्या पलीकडे परत थोडे ठिपके आहेत जे बरेच नकाशेवाले कोपऱ्यात वेगळी चौकट करून टाकतात कारण कागदावर मावतच नाहीत. तो तेमोतू प्रांत. प्रांताची राजधानी लाता, नेंडो बेटावर, देशाची राजधानी होनियारापासून साधारण ६६० किमी. २००९च्या जनगणनेत अख्ख्या प्रांतात २१,३६२ माणसं होती.

बेटांचे स्वभाव अगदी वेगवेगळे आहेत. नेंडो, ज्याला युरोपियन सांताक्रूझ म्हणत आले, ते सगळ्यात मोठं, ५०० चौकिमीच्या आसपास, दाट जंगल. त्याच्या उत्तरेला तिनाकुला, समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी, ८५० मीटर, अजून धुमसतोय आणि वर कोणी राहत नाही. ईशान्येला रीफ बेटं, सखल प्रवाळाची, पाण्याची बोंब आणि माणसं भरपूर. त्याच्याही पुढे डफ बेटं, त्यातलं महत्त्वाचं तौमाको. दक्षिणेकडे उतुपुआ आणि वानिकोरो, जुन्या ज्वालामुखींची, भोवती प्रवाळाचं कडं, भयंकर पाऊस. आणि मग पार पूर्वेला एकटी पडलेली तिकोपिया आणि अनुता. तिकोपियापासून होनियारा हजारेक किमी, वनुआतूची बँक्स बेटं त्यापेक्षा कितीतरी जवळ, पण सरहद्द मधून गेलीय त्यामुळे सरकारी कामाला होनियाराच.

आता मूळ मुद्दा. हा प्रांत 'जगाच्या टोकाला' आहे असं सगळे लिहितात, पण ते राजधानीत बसून बघितलं तर. ही बेटं शेकडो वर्षं एकमेकांशी घट्ट बांधलेली होती, एकाकडे होड्या, दुसऱ्याकडे पैसा, तिसऱ्याकडे माणसं. टोक झालं ते नंतर. १८९८-९९ मध्ये ब्रिटिशांनी हे गट आपल्या सॉलोमन संरक्षित प्रदेशाला जोडले, वाफेची जहाजं आली, कचेरी लांब गेली, आणि जी वाट रोजची होती तीच अवघड होऊन बसली.

अजून पाखराच्या पिसांचा पैसा, ला पेरूसची जहाजं, भाषा, वादळं असं बरंच आहे, प्रतिसादांत येईलच. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला.

खारा वारा

वाचतोय. मस्त विषय. तिनाकुलावर कोणीच राहत नाही म्हणालास ते कायमचंच का? म्हणजे जमीन काळी सुपीक असणार ना, माणूस सोडतो कुठे अशी जमीन.

नकाशावेडा

@खारा वारा, सोडत नाहीच. १८४० च्या सुमाराला मोठा स्फोट झाला, तापलेल्या राखेचा लोट अख्ख्या बेटावरून खाली आला, तेव्हा राहणारे सगळे गेले असं सांगतात. तरी पुढे लोक परत गेले. १९७१ च्या उद्रेकात उठवलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये परत मोठा उद्रेक झाला आणि रीफ बेटांवर राख पडून प्यायच्या पाण्याची पंचाईत झाली, कारण तिथे नदी नाही नाला नाही, छपरावरचं पावसाचं पाणीच काय ते.

आणि हा ज्वालामुखी युरोपियन कागदपत्रांत येतो तोच एका अपघातासोबत. १५९५ साली अल्वारो दे मेंदान्या पेरूहून चार जहाजं आणि वसाहत करायला माणसं घेऊन निघाला. हा तोच, ज्याने १५६८ मध्ये सॉलोमन बेटं पहिल्यांदा गाठली होती. या खेपेला त्याला आपलीच बेटं परत सापडेनात! सप्टेंबरात रात्री तो इथे पोचला तेव्हा तिनाकुला पेटलेला होता, आणि त्याच रात्री सांता इसाबेल नावाचं जहाज ताफ्यातून जे गायब झालं ते झालंच. चार शतकांनी मकिरावर पामुआ इथे स्पॅनिश मातीची भांडी मिळाली तेव्हा कळलं की ती माणसं तिथवर पोचली होती.

बाकीचे नेंडोवर ग्रासिओसा उपसागरात उतरले. आधी स्थानिक प्रमुख मालोपेशी दोस्ती, मग खाण्यावरून भांडणं, मग सैनिकांनी मालोपेलाच मारलं, मग मलेरिया. १८ ऑक्टोबरला मेंदान्या स्वतः मेला. नोव्हेंबरात उरलेले मनिलाच्या दिशेने निघाले. दोन महिन्यांत खेळ खल्लास.

मिरची कोल्हापुरी

आणि मेल्यावर ताफ्याची कमान बायकोनं घेतली की राव, इसाबेल बारेतो. १५९५ मध्ये बाई ताफ्याची प्रमुख. लई कडक बाई म्हणे, लोक पाण्यावाचून मरत होते आणि ही स्वतःचं पाणी कपडे धुवायला वापरत होती. मनिलाला पोचून दुसरं लग्न पण केलं.

नकाशावेडा

हो पण पाण्याची गोष्ट सांगणारा किरोस, तिचा सुकाणू सांभाळणारा, आणि दोघांचं अजिबात पटत नव्हतं, तेव्हा तेवढं मीठ लावूनच घ्यायचं :) हाच किरोस १६०६ मध्ये स्वतःचा ताफा घेऊन परत आला आणि तौमाकोला थांबला. तिथल्या तुमाई नावाच्या प्रमुखाने त्याला आसपासच्या साठेक बेटांची नावं सांगितली! कुठलं किती दिवसांवर, कुठे काय पिकतं, सगळं. स्वतः भरकटत आलेल्या दर्यावर्दीला 'टोकाच्या' बेटावरचा माणूस भूगोल शिकवतोय. मी वर जे म्हणतोय ते हेच.

अर्धवटराव

ते पिसांच्या पैशाचं सांगा आधी. मी कुठेतरी फोटो बघितलाय, लाल जाड पट्ट्याचं भेंडोळं. खरंच चालायचा का तो पैसा का नुसतं शोभेचं?

नकाशावेडा

चालायचा तर. आणि रीतसर चालायचा.

एक छोटा पक्षी आहे, नर लालभडक, फुलांतला मध खाणारा. नेंडोवर काही घराण्यांना तो पकडायचा वारसा होता, प्रत्येकाला नाही. झाडाच्या चिकट चिकाने फांदी माखायची, पिंजऱ्यात एक पाखरू आमिषाला ठेवायचं किंवा आवाज काढायचा, दुसरं आलं की चिकटलं. मग त्याची डोक्या-छाती-पाठीवरची लाल पिसं काढायची. दुसरा कारागीर पारव्याच्या जातीच्या पक्ष्याची मोठी पिसं चिकाने जोडून छोट्या चकत्या करायचा आणि वर लाल पिसांची किनार लावायचा. तिसरा त्या चकत्या दोरांवर एकावर एक सरकवून बांधायचा, कौलं घालतात तसं. दहाएक मीटर लांब पट्टा, पन्नास-साठ हजार लाल पिसं, त्यासाठी तीनशेच्या वर पक्षी. कित्येक महिन्यांचं काम आणि तिन्ही कामं वेगळ्या घराण्यांची.

मग त्याची दोन भेंडोळी करून, पानांत आणि सालीच्या कापडात गुंडाळून चुलीच्या वर टांगायचं म्हणजे कीड आणि दमट हवा लागत नाही. लग्नात मुलीकडच्यांना अशी भेंडोळी द्यायची, दहा-दहा, प्रत्येकाची प्रत वेगळी. लाल किती ताजं आहे त्यावर किंमत. विल्यम डेव्हनपोर्ट नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९६० च्या आसपास हे सगळं नीट नोंदवलं, तेव्हा बनवणारे कारागीर मोजकेच उरले होते.

हिशोबनीस

हे फारच इंटरेस्टिंग आहे आणि तुम्ही त्यावरून पटकन पुढे गेलात. जर रंग उतरला की किंमत उतरते तर हा पैसा साठवून ठेवता येत नाही, बरोबर ना? सोनं पुरून ठेवता येतं, हे नाही ठेवता येत, ठेवलं की वर्षागणिक तुमची श्रीमंती फिकी. म्हणजे प्रत्येकाला तो फिरता ठेवणंच भाग आहे, लग्नं लावा, होड्या घ्या, डुकरं घ्या, काहीही करा पण पुढे ढकला. आमच्या क्षेत्रात लोक यावर कागदावर सिद्धांत मांडतात की नोटेची किंमत मुद्दाम घटत ठेवली तर लोक खर्च करतील, इथे पाखरांनी आणि दमट हवेने ते आपोआप करून ठेवलंय. आणि बनवायला महिने लागतात म्हणजे भरमसाठ छापता पण येत नाही. दोन्ही बाजूंनी लगाम. मला वाटतं इतक्या छोट्या बेटांचा व्यवहार इतका काळ टिकला त्यात या गोष्टीचा वाटा मोठा असणार.

नकाशावेडा

@हिशोबनीस +१. त्यात एवढं अजून घाला की पैसा फक्त नेंडोवर बनायचा. समुद्रावरच्या मोठ्या होड्या बांधायचे तौमाकोचे लोक, कारण लाकूड आणि हुन्नर तिथे. रीफ बेटांवर जमीन कमी, माणसं जास्त, पण दर्यावर्दी उत्तम, त्यामुळे माल आणि माणसं ने-आण करायचं काम त्यांच्याकडे. म्हणजे एका बेटाला दुसऱ्यावाचून भागायचंच नाही.

चिमणी

सगळे भारावून वाचताय पण "माणसं ने-आण" मध्ये काय काय येतं ते स्पष्ट लिहा ना. रीफ बेटांतून पिसांच्या बदल्यात बायकाच जायच्या ना नेंडोला? लग्नाच्या पण आणि लग्नाशिवायच्या पण? का ते 'व्यवहार टिकला' मध्ये आलं?

नकाशावेडा

@चिमणी, रास्त प्रश्न आहे. हो, जायच्या. लग्नाच्या देण्याघेण्याशिवाय नेंडोवरचे पुरुष गट मिळून रीफ बेटांतल्या मुली विकत घेत आणि त्यांची किंमत लग्नाच्या किमतीच्या कितीतरी पट असायची. ब्रिटिश अंमलाने विसाव्या शतकात ते बंद पाडलं, आणि ते बंद झाल्यावर पिसांचा पैसा, होड्या, सगळ्याच देवघेवीला उतरती कळा लागली. म्हणजे आज ज्या जाळ्याचं आपण कौतुक करतोय त्याचा एक मोठा धागा हा होता. ते लपवण्यात अर्थ नाही.

चिमणी

धन्यवाद. एवढंच हवं होतं. आता होड्यांवर या.

खारा वारा

होड्यांवर मी येऊ का, कारण हा माझा आवडता भाग आणि नकाशावेड्याला सगळं एकट्याने लिहायची सवय लागेल :D

तौमाकोच्या मोठ्या होडीला 'ते पुके' म्हणतात. आपल्याकडे उलांडी असलेली होडी ज्यांनी बघितलीय त्यांना अर्धी कल्पना येईल, पण यात गंमत अशी की मुख्य ओंडका जवळजवळ पाण्याखालीच असतो, वरून बंद, आणि माणसं बसतात ती वर बांधलेल्या माचीवर. माचीवर छोटं खोपटं पण, त्यात माल आणि निजायची सोय. शिड खेकड्याच्या नांगीसारखं, दोन टोकं वर निघालेली. लाटेला ओंडका आपटत नाही तर कापत जातो म्हणून वेग चांगला.

रीफ बेटांचा तेवाके म्हणून एक नावाजलेला नाखवा होता, होकायंत्राशिवाय नुसत्या ताऱ्यांवर आणि लाटांच्या उसळीवर चालणारा. डेव्हिड लुईस नावाचा डॉक्टर-दर्यावर्दी १९६८ च्या सुमाराला त्याच्याबरोबर फिरला, आभाळ झाकलेलं असताना हा माणूस पायाखालच्या हेलकाव्यावरून दिशा सांगायचा. म्हातारपणी तेवाके एकदा होडी घेऊन समुद्रात गेला आणि परतलाच नाही. तिथले लोक म्हणतात तो मुद्दामच तसा गेला.

आणि 'ते लापा'. रात्री पाण्याखाली विजेसारख्या रेघा चमकतात आणि त्या बेटाच्या दिशेने असतात असं हे नाखवे सांगतात, वाट चुकली तर त्या बघायच्या. शास्त्रज्ञांमध्ये यावर भांडणं आहेत, पण बरोबर गेलेल्या बाहेरच्या माणसांनीही बघितल्याचं लिहिलंय.

नकाशावेडा

भारी लिहिलंस. फक्त पुढचं जोडतो. १९९६ पासून तौमाकोचे थोर प्रमुख कोलोसो कावेइआ यांनी मानवशास्त्रज्ञ मिमी जॉर्ज यांच्यासोबत तरुणांना 'ते पुके' बांधायला आणि चालवायला शिकवायला घेतलं, तोपर्यंत जुन्या पद्धतीने शिकलेले हयात म्हणजे कावेइआ आणि अजून थोडे. ते २००९ मध्ये गेले, पण मधल्या काळात होड्या बांधल्या गेल्या, पोरं शिकली. तिथे दिशा सांगायची ती वाऱ्यांच्या नावाने, क्षितिजावर वाऱ्यांची घरं मांडलेली असतात. आणि हे हौस म्हणून नाही हो, पेट्रोल परवडत नाही म्हणून. लांबच्या बेटावर इंधन पोचेपर्यंत त्याची किंमत काय होते विचार करा. शिड फुकट.

भाषावेडी

भाषांवर कोणीच बोलत नाही म्हणून नाक खुपसते. एवढ्याशा प्रांतात दहाच्या आसपास भाषा आहेत आणि मुख्य म्हणजे त्या दोन वेगळ्या ओघांतून आलेल्या. तौमाको, रीफमधली पिलेनी-नुकापू वगैरे बाहेरची बेटं, तिकोपिया, अनुता इथे पॉलिनेशियन भाषा, म्हणजे सामोआ-टोंगाच्या नात्यातल्या, त्या लोकांचे पूर्वज पूर्वेकडून उलटे पश्चिमेला आले. बाकीच्या मेलानेशियन बेटांच्या भाषा त्याहून जुन्या.

नेंडोच्या आणि रीफमधल्या आयवू भाषेवर तर अभ्यासकांचं कित्येक दशकं जुंपलं होतं, क्रियापदं इतकी गुंतागुंतीची की या न्यू गिनीकडच्या पापुआ गटातल्या असाव्यात असं बऱ्याच जणांचं मत. २००७ मध्ये माल्कम रॉस आणि ओशिल्ड नेस यांनी ध्वनींचे नियम लावून दाखवलं की या ओशियानिकच, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या मोठ्या भाषाकुळातल्याच आहेत, फक्त फार लवकर फुटून निघालेल्या.

वानिकोरोवर तीन भाषा, तेआनू, लोवोनो, तानेमा. तेआनू चालू आहे, बाकी दोन्ही बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फ्रेंच भाषातज्ज्ञ अलेक्सांद्र फ्रांस्वा यांनी तिन्ही नोंदवल्यात. तिथे मजा अशी की तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी आणि शब्द मात्र साफ वेगळे. शतकानुशतकं एकाच बेटावर राहून विचार एक झाला, शब्द आपापले जपले. आणि बेटाबेटांत बोलायला पिजिन, म्हणजे इंग्रजीवरून घडलेली मिश्र बोली, आहेच.

टिवल्याबावल्या

हे भूगोलाचे सर शाळेत का नाही भेटले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुनी गलबतं

वानिकोरोचं नाव निघालंच आहे तर फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूस. आणि यात हिंदुस्थानचा खराखुरा संबंध आहे, ओढूनताणून नाही.

फ्रेंच राजाने पाठवलेली त्याची बुसोल आणि आस्त्रोलाब ही दोन जहाजं मार्च १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बेमधून निघाली आणि नाहीशी झाली. शोधायला गेलेला दांत्रकास्तो १७९३ मध्ये वानिकोरोच्या जवळून गेला, बेट लांबून बघितलं, नकाशावर नाव टाकलं आणि पुढे गेला!

आता इकडे या. १८१३ मध्ये कलकत्त्याहून आलेलं हंटर नावाचं जहाज फिजीमध्ये चंदन घ्यायला गेलं, तिथे मारामारी झाली, वाचलेल्यांत एक प्रशियन मार्टिन बुशार्ट, त्याची फिजियन बायको आणि एक हिंदुस्थानी लस्कर, म्हणजे खलाशी. त्यांना तिकोपियावर उतरवलं. तेरा वर्षांनी, १८२६ मध्ये, त्याच जहाजावर काम केलेला पीटर डिलन आता स्वतःचं जहाज घेऊन तिकोपियाला थांबला, बघतो तर दोघेही हयात. त्या लस्कराकडे चांदीची जुनी तलवारीची मूठ, ती त्याने जहाजावरच्या एकाला विकली. ही कुठून आली विचारलं तर वानिकोरोहून, तिथे पूर्वी दोन मोठी जहाजं फुटली, अशा वस्तू तिकोपियात बऱ्याच येतात. डिलनची ट्यूब पेटली.

तो कलकत्त्याला गेला, कंपनी सरकारकडून रिसर्च नावाचं जहाज मिळवलं, १८२७ च्या जानेवारीत निघाला, वाटेत होबार्टला जहाजावरच्याच डॉक्टरशी भांडून तुरुंगात जाऊन आला (!), आणि सप्टेंबरात वानिकोरोवरून तोफा, घंटा, भांडी घेऊन आला. पॅरिसमध्ये त्या वस्तू ओळखल्या कोणी, तर बार्तेलेमी द लेसेप्सने, जो त्याच मोहिमेत होता पण कामचाटकाला कागदपत्रं घेऊन उतरला म्हणून वाचला.

आणि तो लस्कर? डिलनने चल म्हटलं तरी तो काही परत जहाजावर चढला नाही. तिकोपियातच राहिला.

अर्धवटराव

बाप्पा! तिकोपियावर आपला माणूस! कोकणातला असेल का हो, लस्कर पुष्कळ कोकणी असत.

जुनी गलबतं

जहाज कलकत्त्याचं होतं, तेवढ्यावर थांबूया, त्याला जबरदस्तीने रत्नागिरीला आणू नका.

पण नकाशावेड्याच्या मुद्द्याला हे फार जुळतं. युरोपात चाळीस वर्षं कोणाला पत्ता नाही आणि दोनशे किमीवरच्या तिकोपियात वानिकोरोच्या फुटलेल्या जहाजाच्या वस्तू घराघरांत. बातमी होती, विचारायला कोणी गेलं नव्हतं.

नकाशावेडा

अगदी!! आणि वानिकोरोवरच्या लोकांच्या कथेत तपशील बरोबर निघाले. एक जहाज कड्याच्या बाहेरच्या खबदाडीत फुटून लगेच बुडालं, दुसरं प्रवाळावर अडकलं, त्यातल्या माणसांनी किनाऱ्यावर राहून लहान होडी बांधली आणि निघून गेले, दोघे मागे राहिले. विसाव्या शतकात पाणबुड्यांना दोन्ही अवशेष तसेच सापडले. २००३ मध्ये खबदाडीतल्या बुसोलच्या अवशेषांत एक पूर्ण सांगाडा मिळाला.

तर्कटपंजे

तिकोपियाबद्दल नेहमीचं कौतुक येणारच म्हणून आधीच बोलतो. पाच चौकिमी बेट, तीन हजार वर्षं वस्ती, झाडांची शेती, निसर्गाशी मेळ वगैरे. जमिनीवर नारळ-फणसासारखी ब्रेडफ्रूटची झाडं, त्याखाली केळी, त्याखाली सुरण-अळू, असं थराथराने लावलेलं रान, मान्य, हुशारीचं आहे. पण मानवशास्त्रज्ञ रेमंड फर्थने १९२८-२९ मध्ये तिथे राहून जे नोंदवलं त्यात लोकसंख्या काबूत ठेवायला धाकट्या भावांनी लग्नच न करणं, गर्भपात, नवजात मूल मारणं, तरुणांनी बिनभरवशाच्या सफरीवर निघून जाणं हेही आहे. आणि इसवी १६०० च्या सुमाराला सगळी डुकरं मारून टाकली कारण ती बागा खात होती. याला स्वर्ग म्हणायचं का?

सुवाकर

नमस्कार, बरीच वर्षं फिजीत आहे, सॉलोमनचे लोक कामानिमित्त रोज भेटतात, म्हणून थोडं.

@तर्कटपंजे, स्वर्ग कोणी तिकोपियन पण म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलंय ती यादी वाचून असं वाटतं की काहीतरी क्रूर टोळी आहे. चार आरिकी, म्हणजे काफिका, ताफुआ, तौमाको, फांगारेरे या चार घराण्यांचे प्रमुख, लोकांसमोर उघड सांगायचे की बेट एवढ्यांनाच पोसेल. निर्णय सगळ्यांचा आणि झळ सगळ्यांना. १९५२-५३ मध्ये लागोपाठ वादळं आली, पीक गेलं, दुष्काळ पडला, फर्थ तेव्हा परत तिथेच होता, त्याने लिहिलंय की चोऱ्या वाढल्या पण समाज मोडला नाही. आता उपाय वेगळा आहे, माणसं बाहेर जातात. रसेल बेटांवर नुकुफेरो म्हणून तिकोपियनांची वस्ती आहे, मकिरावर आहे, वानिकोरोवर आहे, होनियारात तर आहेच. बेटावर हजार-बाराशे, बाहेर त्याहून जास्त.

दुष्काळासाठी त्यांची एक पद्धत आहे, मासी. ब्रेडफ्रूट जमिनीतल्या पानं लावलेल्या खड्ड्यात दाबून आंबवायचं, वर्षानुवर्षं टिकतं. वास... असो. रीफ बेटांवर ब्रेडफ्रूटचीच वाळवून कडक तुकड्यांची नाम्बो करतात, ती मात्र छान लागते, होनियाराच्या बाजारात पण मिळते, खाल्लीय.

मग डिसेंबर २००२ चं झोई वादळ. पाचव्या श्रेणीचं, थेट तिकोपिया-अनुतावर. रेडिओ बंद, जवळजवळ आठवडाभर पहिली मदतीची बोट पोचली नाही. विमानातून काढलेले फोटो बघून जगाने गृहीत धरलं की शेकडो मेले. बोट पोचली तर एकही मृत्यू नाही! म्हाताऱ्यांना वाऱ्याची चाहूल लागली तशी सगळे डोंगराच्या कपारींत आणि मोठ्या दगडांखाली जाऊन बसले. घरं, झाडं, सगळं गेलं, आणि समुद्राने 'ते रोतो' नावाच्या गोड्या तळ्याची वाळूची भिंत फोडून खारं पाणी आत घातलं. २००६ मध्ये लोकांनी बाहेरच्यांच्या मदतीने जाळीत दगड भरून ती भिंत परत घातली. फर्थ वादळाच्याच वर्षी, २००२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या शंभराव्या वर्षी गेला होता, म्हणजे त्याने हे बघितलं नाही.

तर्कटपंजे

हे मान्य. पण आठवडाभर बोट न जाणं हा राजधानीचा नालायकपणा आहे, त्याला लोकांच्या शहाणपणाच्या कौतुकाखाली झाकू नका. उद्या आपल्याकडे पण हेच म्हणतील, बघा लोक किती चिवट आहेत, मदतीची गरजच काय.

सुवाकर

त्याच्याशी शंभर टक्के सहमत. मी चिडूनच लिहिलंय खरं तर. तेव्हा देश दंगलींनंतर दिवाळखोरीत होता, बोटीच्या डिझेलला पैसे नव्हते, हे कारण आहे, सबब नाही.

६ फेब्रुवारी २०१३ ला ८ रिश्टरचा भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा लाताच्या विमानतळावर समुद्राचं पाणी आणि कचरा, विमान उतरेना. नेंडोच्या पश्चिम किनाऱ्यावरची गावं गेली, दहाच्या आसपास माणसं गेली. तेव्हा प्रांताला बाहेरून जोडणारी एक धावपट्टी आणि ती समुद्राच्या पातळीवर, एवढंच सांगतो.

मिरची कोल्हापुरी

अनुताचं काहीच आलं नाही अजून.

सुवाकर

अनुता म्हणजे सगळं मिळून तीन-साडेतीन शिवाजी पार्क. खरंच, ०.४ चौकिमी सुद्धा नाही. त्यावर तीनशेच्या आसपास माणसं, बेट अगदी वरपर्यंत लागवडीखाली. शेजारी म्हणजे तिकोपिया, ते सव्वाशे-दीडशे किमीवर.

तिथल्या वागण्याचा पाया म्हणजे आरोपा, म्हणजे माया आणि वाटून घेणं दोन्ही एकत्र. मासे आले की आधी किनाऱ्यावर ढीग आणि घरागणिक वाटे, कोणी गेलं नव्हतं तरी वाटा मिळतो, विधवेला, म्हाताऱ्याला. मानवशास्त्रज्ञ रिचर्ड फाईनबर्ग यांनी १९७२ पासून त्यावर खूप काम केलंय. पन्नासेक किमीवर फातुताका नावाचा निर्मनुष्य खडक आहे, तिथे अजून शिडाच्या होड्यांनी पक्षी धरायला जातात, आणि उतरायला धड किनारा नाही, लाटेवरून उडी मारून खडक पकडायचा.

चिमणी

नुकापू बेटावर बिशप मारला गेला होता ना? मिशनवाल्यांच्या लिखाणात येतं ते हेच का?

नकाशावेडा

हेच. जॉन कोलरिज पॅटेसन, मेलानेशियन मिशनचा पहिला बिशप, २० सप्टेंबर १८७१. त्या काळात क्वीन्सलंड आणि फिजीच्या मळ्यांसाठी जहाजं या बेटांवरून माणसं फसवून, पळवून न्यायची. काही जहाजांवर म्हणे पाद्र्याचा वेश करून बोलवायचे. पॅटेसनचं शव होडीत घालून जहाजाकडे सोडलं, छातीवर माडाची झावळी आणि तिला पाच गाठी. नुकापूहून पाच माणसं नेली होती, त्याचा हा हिशेब असा बहुतेकांनी अर्थ लावला. अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की कारणं अजूनही असतील, बेटावरच्या मान-अपमानाची. काही असो, इंग्लंडात गदारोळ झाला आणि १८७२ मध्ये या माणूसचोरीविरुद्ध कायदा आला. पॅटेसननंतर चार वर्षांनी, १८७५ मध्ये, ब्रिटिश आरमाराचा कमोडोर गुडइनफ नेंडोवर उतरला आणि बाणांनी जखमी होऊन धनुर्वाताने गेला. आज अख्खा प्रांत बहुतांशी अँग्लिकन आहे आणि पॅटेसनचं नाव मुलांना ठेवतात.

पेशवाई पेन्शनर

ऑक्टोबर १९४२ ची अमेरिका-जपानची सांताक्रूझची लढाई कोणी लिहिली नाही? अमेरिकेची विमानवाहू हॉर्नेट इथेच बुडाली. २०१९ मध्ये पाच हजार मीटरपेक्षा खोल सापडली. विमानवाहू जहाजांचीच लढाई.

हिशोबनीस

जायचं असेल तर कसं जायचं? मला गंभीरपणे विचारायचंय. सुट्टी शिल्लक आहे.

सुवाकर

होनियारापर्यंत ब्रिस्बेनहून किंवा इथून, नाडीहून. होनियाराहून लाताला छोटं विमान, आणि ते हवामान, बिघाड, मंत्र्याचा दौरा, कशानेही रद्द होतं. लातात एक-दोन साध्या राहायच्या जागा. मलेरियाच्या गोळ्या घ्याच, थट्टा नाही. रीफ बेटांना फायबरच्या मोटरबोटीने, समुद्र शांत असेल तर काही तासांत. तौमाकोला त्याहून लांब. तिकोपिया-अनुताला विमान नाही, धक्का नाही, जहाज महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, आणि ते तुम्हाला सोडून गेलं की पुढचं येईपर्यंत तुम्ही तिथलेच. आधी होनियारात त्या बेटाच्या लोकांना भेटा, आरिकींना निरोप जाऊ दे, ते हो म्हणाले तरच चढा. तांदळाचं पोतं, मासेमारीचे गळ, कोयते, असं काहीतरी घेऊन जा. पैसे तिथे फार कामाचे नाहीत.

हिशोबनीस

सुट्टी तीन आठवडे आहे :(

सुवाकर

मग लाता आणि रीफ बेटं करा. नेंडोवर पिसांचा पैसा कोणाकडे असेल तर दाखवतीलही, पण विकत मागू नका.